कंपोस्ट अर्काचे पिंप : घरी कसे बनवावे, कोठे वापरावे



आमच्या घरात एका पिंपावरून वाद झाला, तेथूनच सुरुवात करतो. आम्ही दोघे भाऊ. धाकट्याकडे मालवण तालुक्यातील कट्टा येथील घर, विहीर आणि परसातले माड, मिरची, लाल भाजी. थोरल्याकडे वैभववाडी बाजूचा ऊस. तो घाट चढून आपल्या कारखान्यावर येतो. धाकट्याने कट्ट्याच्या मांगरात प्लास्टिकचे पिंप मांडून, त्यात हवा सोडून कंपोस्टचा अर्क काढायला घेतला. थोरल्याला एका विक्रेत्याने सांगितले होते की, असा अर्क एकरी एक पिंप सोडला म्हणजे शेणखताच्या गाड्या ओढण्याची दगदग नको. थोरल्याने त्या वर्षीचे शेणखत सांगितलेच नाही. धाकटा म्हणाला, "थांब, आधी पिंप काय देते ते तरी बघू."

दोन वर्षे बघितले. पिंप जमले. शेणखत सोडण्याची कल्पना मात्र साफ चुकीची ठरली. या दोन्ही गोष्टी सभासदांपुढे मांडाव्यात म्हणून हा लेख.

अर्क म्हणजे काय?

चांगल्या कुजलेल्या कंपोस्टच्या चिमूटभर मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. जिवाणू असतात, बुरशीचे धागे असतात, त्यांना खाणारे आणखी बारीक जीवही असतात. हेच जीव पालापाचोळा कुजवतात आणि पिकाच्या मुळांना अन्न मोकळे करून देतात. कंपोस्ट कापडी पिशवीत घालून पाण्यात बुडवले, पाण्यात सतत हवा सोडली आणि थोडा गूळ खायला दिला, की हे जीव कंपोस्टवरून सुटून पाण्यात येतात आणि वाढतात. त्या पाण्याला आम्ही अर्क म्हणतो. शहरातले बागवाले त्याला कंपोस्ट चहा म्हणतात. अमेरिकेत डॉ. एलेन इंगहॅम या मृदाशास्त्रज्ञ बाईंनी ही पद्धत लोकांपर्यंत नेली.

आपल्याकडे पुष्कळ शेतकरी जीवामृत करतात. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ते गावोगाव पोहोचवले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. जीवामृतात ताजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती असते. ते काठीने ढवळून दोनेक दिवस मुरवतात. आपला अर्क त्याहून दोन बाबतींत वेगळा. एक, त्यात ताजे शेण नाही, कुजून तयार झालेले कंपोस्ट आहे. दुसरे, तो मुरवायचा नाही, एक दिवसभर हवेवर जागता ठेवायचा.

हवा एवढी कशाला?

हा या लेखाचा गाभा आहे. सबब थोडा हिशेब करू.

पाण्यात प्राणवायू फार थोडा विरघळतो. पाणी २० अंश सेल्सिअस असेल तर एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंश असेल तर सुमारे साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे पाणी जितके गरम, तितकी त्यातली हवा कमी. कट्ट्याला मार्च-एप्रिलमध्ये पिंपातले पाणी सहज तिशीला जाते. १५० लिटर पाण्यात त्या वेळी सगळा मिळून जेमतेम १.१ ग्रॅम प्राणवायू असतो. आता आपण त्यात १५० ग्रॅम गूळ घातला. हा गूळ जीवांनी पुरता खाऊन पचवायचा म्हटले, तर साधारण गुळाच्याच वजनाइतका प्राणवायू लागतो. शिल्लक १.१ ग्रॅम, गरज त्याच्या शंभरपटीहून जास्त! बाकीचा सगळा प्राणवायू वरून सतत यायला हवा. तो थांबला की हवेवर जगणारे जीव गुदमरतात आणि हवेविना जगणारे डोके वर काढतात. पाणी आंबते, आंबट किंवा कुजका वास येतो, आणि रोपांना घातक अशी आम्ले व अल्कोहोल त्यात तयार होऊ शकतात.

ही गोष्ट नवी नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला काम करून कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली. १९३१ साली त्यांनी यशवंत वाड यांच्यासह त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पद्धतीत ढीग तीन वेळा परततात, कशासाठी? आत हवा खेळावी म्हणून. ढिगाला जे परतणे, तेच पिंपाला पंप.

लागणारे सामान

१. झाकणाचे २०० लिटरचे प्लास्टिक पिंप. पूर्वी खाण्याचा पदार्थ भरलेले असावे. औषधांचे किंवा रसायनांचे पिंप कितीही धुतले तरी घेऊ नये.

२. हवेचा पंप. माशांच्या काचेच्या टाकीचा लहान पंप एवढ्या पिंपाला पुरत नाही. आमच्या मालवण किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांत पाण्याला हवा देणारी चक्रे फिरतात. टाकीत मासे वाढवणारे लोक त्याच कामाला विजेवरचा मोठा पंप वापरतात. तसा पंप घ्यावा. एका लिटर पाण्यामागे मिनिटाला सुमारे एक तृतीयांश लिटर हवा, हा ढोबळ अंदाज. म्हणजे १५० लिटरला मिनिटाला ५० लिटर हवा देणारा पंप. तो अडीच फूट पाण्याच्या दाबाखाली हवा ढकलू शकतो ना, हे दुकानातच विचारून घ्यावे.

३. अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप, एक टी, दोन एंडकॅप, पंपाला जोडायला नळी व क्लिप.

४. पिशवीसाठी नायलॉनची मच्छरदाणी, दुहेरी शिवलेली. धोतराचे किंवा फडक्याचे दाट कापड नको, त्यातून बुरशीचे धागे सुटत नाहीत. गोणपाटाचे तंतू सुटून पुढे पंपाच्या नोझलमध्ये अडकतात.

जोडणी

पाइपाचा एक तुकडा पिंपाच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त घ्यावा. त्याच्या खालच्या टोकाला टी बसवावा. टीच्या दोन्ही बाजूंना वीतभर लांबीचे दोन हात जोडून त्यांची तोंडे एंडकॅपने बंद करावीत. उलट्या टीसारखा आकार होतो. दोन्ही हातांना खालच्या अंगाला एकेक इंचावर दीड मिलिमीटरचे ड्रिल मारावे. भोके खाली असली म्हणजे गाळ आत बसत नाही, आणि बुडबुडे पिंपाच्या तळापासून उठतात.

सांधे सोल्युशनने चिकटवू नयेत, दाबूनच बसवावेत. दर वेळी सोडवून घासायचे असतात. हवा सुरू झाली की पाइप उचलला जातो, म्हणून खाली एक काळा दगड बांधावा.

पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीला फळी ठोकून ठेवावा. खाली ठेवला आणि वीज गेली, तर पिंपातले पाणी नळीतून उलटे पंपात येते. पंप जातो आणि विजेचा धोका वेगळाच. वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगात न जाता झोळावरून खाली पडेल. ओल्या हाताने बटणाला हात लावू नये, हे घरातल्या पोरांनाही बजावावे.

पिंप सावलीत हवे. आम्ही मांगराच्या उत्तरेच्या अंगाला ठेवले आणि वरून माडाची चुडते घातली.

एवढा खटाटोप नको असेल त्याने २० लिटरची बादली घ्यावी, १५ लिटर पाणी भरावे आणि माशांच्या टाकीचा दोन तोंडांचा पंप लावावा. परसबागेला ती पुरते.

कंपोस्ट कसे असावे?

पिंप कितीही चांगले असो, जे कंपोस्टमध्ये नाही ते अर्कात येत नाही. अर्धवट कुजलेले घेतले तर रोगाचे जंतूही तेवढ्याच जोमाने वाढतील. ढीग आतून तापून गेलेला असावा. ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिला आणि परतून बाहेरचा थर आत गेला, की बहुतेक रोगजंतू व तणांचे बी मरते. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई ढिगात खुपसून थोड्या वेळाने काढावी. तापलेल्या ढिगातली सळई हातात धरवत नाही. मग ढीग निवाला, काळा-तपकिरी झाला आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला म्हणजे तयार.

आम्ही ढिगात उसाचे पाचट, शेण, परसातला पातेरा आणि थोडी जुनी माती घालतो. पाचट नुसते लवकर कुजत नाही. त्याला शेणाची जोड हवीच.

कृती

पिंपात १५० लिटर विहिरीचे पाणी भरावे. खाडीलगतच्या गावांत पाणी मचूळ असेल तर ते घेऊ नये. नळाचे पाणी असेल तर त्यातली ब्लीचिंगची पावडर जीवांना मारते. म्हणून ते रात्रभर उघडे ठेवावे किंवा आधी तासभर नुसती हवा सोडावी.

पंप सुरू करावा. पिशवीत ४ किलो कंपोस्ट भरून ती पिंपात अशी टांगावी की पाण्यात बुडेल पण तळाला टेकणार नाही. १५० ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून ओतावा. बादलीसाठी हेच प्रमाण ४०० ग्रॅम कंपोस्ट आणि १५ ग्रॅम गूळ. जास्त गूळ म्हणजे जास्त जोर, असे वाटते. ते खरे नाही. जास्त गूळ म्हणजे जास्त भुकेले जीव आणि कमी पडणारी हवा.

पाणी खदखदा उकळल्यासारखे हलत राहिले पाहिजे. थंडीत २४ तास, उन्हाळ्यात १८ तास पुरेत. नंतर पिशवी काढावी. आतले कंपोस्ट टाकून न देता झाडाच्या बुंध्यात घालावे. पंप बंद केल्यापासून चार तासांच्या आत अर्क संपवावा. बाटलीत भरून ठेवायची ही वस्तू नव्हे. लगेच पिंप, पाइप, पिशवी ब्रशने घासून उन्हात वाळवावीत. बुळबुळीत थर राहिला तर पुढचे पिंप तोच नासवतो.

आमची चूक

पहिल्याच पिंपाला आम्ही गूळ दुप्पट घातला. रात्री एकच्या सुमारास वीज गेली, ती पहाटे आली. सकाळी फेस दिसला तसे आम्ही खूश झालो. आई मांगरात आली, वाकून वास घेतला आणि म्हणाली, "ह्येका आंबट वास येता मरे. झाडांक घालू नको." आम्ही मनात म्हटले, खताला वास यायचाच. सगळा अर्क मिरचीच्या रोपांना घातला. चार दिवसांत निम्म्या वाफ्यातल्या रोपांनी माना टाकल्या. दिवाळीनंतर बाजारात जायची मिरची होती. घरखर्चाला तो पैसा लागतो. त्या वर्षी तो आला नाही.

पिंपाने फसवले नाही, आम्हीच नाकाचे ऐकले नाही. तेव्हापासून नियम केला. चांगल्या अर्काला ओल्या मातीचा वास येतो. आंबट, कुजका, दारूसारखा वास आला तर तो पिकाला घालायचा नाही. वीज अर्धा तासाहून जास्त गेली, तर बादलीने पाणी उंचावरून परत पिंपात ओतत राहायचे. तेवढे माणूसबळ नसेल तर ते पिंप सोडून द्यायचे आणि पाणी पडीक गडग्याकडेला ओतायचे.

विजेचा भरवसा नसेल तेथे आणखी सोपा मार्ग आहे. गूळ घालू नये, रात्रभर ठेवू नये. कंपोस्टची पिशवी बादलीभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटे वरखाली बुचकळावी आणि ते पाणी ताबडतोब मुळांशी द्यावे. जीव वाढत नाहीत, पण धुऊन पाण्यात येतात. नासण्याची भीती राहत नाही.

खायच्या भाजीबद्दल खबरदारी

हे कानाडोळा करण्याजोगे नाही. अमेरिकेत २००४ आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, कंपोस्टमध्ये पोट बिघडवणारे जंतू थोडे जरी असले, तरी अर्कात गुळासारखे गोड खाद्य घातल्यावर तेही वाढतात. म्हणून कोथिंबीर, काकडी, मुळा, टोमॅटो असल्या कच्च्या खायच्या मालावर अर्क फवारू नये. पालेभाजीला द्यायचा तर रोपे लहान असताना, मातीत, आणि बिनगुळाचा. ताज्या शेणाचा तर मुळीच नको. आपला माल बाजारात लोक विश्वासाने घेतात, तो विश्वास एका पिंपापायी घालवू नये.

माड, सुपारी, फुलझाडे, रोपवाटिका आणि ऊस यांना मुळाशी देण्यास हरकत नाही. संध्याकाळी, ओल असताना द्यावा. कोकणात आषाढ-श्रावणाच्या पावसात देऊ नये, जांभ्याच्या मातीतून तो ओहोळाला जातो. दसऱ्यानंतर सुरू करावे.

उसात किती उपयोग?

आता थोरल्या भावाच्या प्रश्नाकडे येऊ. शेणखत सोडून पिंपावर भागेल का?

हिशेब मांडा. सुरू उसाला नत्राची शिफारस हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो. आपण पिंपात घालतो ४ किलो कंपोस्ट. त्यात नत्र एक टक्का धरला तर ४० ग्रॅम, आणि तोही सगळा पाण्यात उतरत नाही. १०० किलो नत्रासाठी अशी अडीच हजार पिंपे लागतील! अर्क हे खत नव्हे. अर्क म्हणजे विरजण. विरजण कितीही चांगले असो, दूधच नसेल तर दही कशाचे लावणार? जमिनीत पाचट, शेणखत, कंपोस्ट असेल तर हे जीव त्यावर काम करतील. काहीच नसेल तर उपाशी मरतील.

आम्ही को ८६०३२ च्या लागणीत चार सऱ्यांना अर्क आणि शेजारच्या चार सऱ्यांना तेवढेच साधे पाणी दिले. बाकी खते, पाणी, भांगलण सारखी. तोडणीला दोन्हींच्या मोळ्या वेगळ्या बांधून वजन केले. सांगण्यासारखा फरक निघाला नाही. एकडोळा रोपांच्या ट्रेमध्ये मात्र अर्क दिलेल्या रोपांना पांढरी मुळे जास्त दिसली. ती एकाच वर्षाची गोष्ट आहे, म्हणून त्यावर आम्ही ग्वाही देत नाही.

ज्या तुकड्यात थोरल्याने शेणखत घातले नव्हते, तो चैत्रात लवकर सुकू लागला. शेजारी खोडव्यात पाचट सरीत दाबलेले होते, तेथे खालची माती दोन दिवस जास्त ओली राहिली. ते त्याने स्वतः माती उकरून पाहिले. दुसऱ्या वर्षी शेणखताच्या गाड्या त्याने कोणी न सांगता ओढल्या. एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट निघते. ते न जाळता सरीत ठेवणे, सुरू उसाला हेक्टरी २० टन शेणखत किंवा कंपोस्ट मिळवणे, हे आधी. पिंप त्यानंतर, आणि प्रथम रोपवाटिकेत.

मग पिंप करावे की नाही? करावे. सामान टिकाऊ आहे, परसात उपयोग होतो, आणि त्याच्या निमित्ताने कंपोस्ट चांगले करण्याची सवय लागते. आमच्याकडे तरी पिंपाने हेच काम जास्त केले.

पिंपाजवळ लावायची पाटी

आमच्या मांगरात पत्र्यावर रंगाने लिहून ठेवली आहे, तशीच देतो :

पाणी १५०, कंपोस्ट ४ किलो, गूळ १५० ग्रॅम. जास्त नाही.
पंप पाण्याच्या वर.
वास मातीचा तर घाला. आंबट तर फेका.
पंप बंद, की चार तासांत संपवा.
कच्च्या खायच्या भाजीवर नाही.
शेणखताच्या बदली नाही.

ज्या सभासदांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी निदान दोन सऱ्या अर्काविना राखून ठेवाव्यात आणि तोडणीच्या वेळी दोन्हींचे वजन वेगळे घ्यावे. वजन जे निघेल ते, कमी निघाले तरी, आपल्या गट ऑफिसमध्ये शेतकी ओव्हरसिअरकडे लिहून द्यावे. पाच-पंचवीस शेतांतली वजने एकत्र आली, म्हणजे विक्रेत्याच्या बोलण्यावर जायची पाळी कोणावर येणार नाही.